कोंबडीचें अन्नपुट : त्याचे विकार व उपचार

कोंबडी आपलें दुखणें बोलून दाखवीत नाहीं. उलट होईल तितकें तें लपविते. खुराड्यांत जी दुबळी दिसेल तिला इतर कोंबड्या टोंचून हैराण करतात, म्हणून आजारी कोंबडीहि पुष्कळदां दाणे टिपण्याचा नुसता देखावा करते. घरच्या मंडळींना वाटतें ती खात आहे, आणि दोन-तीन दिवसांनीं ती एका कोपऱ्यांत पिसें फुगवून बसलेली आढळते. गिरगांवच्या एखाद्या वाडींत, परळ-लालबागच्या चाळीमागें किंवा गांवाकडील परसांत ज्यांच्या घरीं दोन-चार कोंबड्या असतील, त्यांनीं तिच्या शरीराचा एक भाग हातानें ओळखण्यास शिकावें, असें आम्हांस वाटतें. तो भाग म्हणजे अन्नपुट.

पक्ष्यांस दांत नसतात. टिपलेला दाणा न चावतांच घशाखालीं उतरतो व मानेच्या बुडाशीं, किंचित् उजव्या बाजूस असलेल्या पिशवींत सांठतो. ही पिशवी म्हणजेच अन्नपुट. येथें दाणा भिजतो, मऊ होतो आणि थोडथोडा पुढें जठरांत जातो. त्यापुढें बाजारांत ज्याला पेटा म्हणतात ती बळकट पेषणी असते. कोंबडीनें गिळलेले बारीक खडे तेथें जात्याचें काम करतात. दादरच्या कबूतरखान्यामुळें मुंबईकरांच्या ओळखीचीं झालेलीं कबुतरें तर ह्याच अन्नपुटांत दुधासारखा एक पौष्टिक पदार्थ तयार करून आपल्या पिलांस भरवितात, आणि हें काम नर व मादी दोघेंहि करतात.

निरोगी कोंबडीचें अन्नपुट संध्याकाळीं भरलेलें व पहाटे रिकामें असतें. सर्व परीक्षेचें मूळ ह्या एका गोष्टींत आहे. संशय आल्यास रात्रीं कोंबडीपुढील दाणे काढून घ्यावे, पाणी मात्र ठेवावें, आणि सकाळीं तिनें कांहीं टिपण्यापूर्वीं हलक्या हातानें तें चांपून पाहावें. रिकामें लागल्यास दुखणें दुसरीकडे शोधावें. भरलेलें लागल्यास तें कसें भरलें आहे हें पाहावें.

मळलेल्या कणकेसारखा किंवा त्याहून घट्ट गोळा हातास लागला, तर अन्नपुट तुंबलें आहे असें समजावें. लांब चिवट गवत, काथ्या, सुतळी, पिसें, आणि शहरांत तर रबराचे व प्लॅस्टिकचे तुकडे ह्यांचा तेथें गुंता होतो. अशा कोंबडीस निराळी ठेवून एक दिवस दाणे देऊं नयेत. स्वच्छ पाणी सदैव जवळ असावें. गोड्या तेलाचे चार-सहा थेंब चोचीच्या कडेनें एकेक करून सोडावे, म्हणजे ती ते आपले आपण गिळील. मग बोटांनीं तो गोळा हलकेच चोळून सैल करावा. असें दिवसांतून तीन-चार वेळां, थोडा थोडा वेळ करावें. गोळा विरघळूं लागला म्हणजे प्रथम भिजवून मऊ केलेलें अन्न अगदीं थोडें द्यावें.

अन्नपुट पाण्यानें भरलेल्या फुग्यासारखें मऊ लागून तोंडास आंबूस घाण येत असेल, तर तें आंबलें आहे. अडकलेल्या अन्नांत बुरशीच्या जातीचा एक सूक्ष्म जंतु वाढल्यानें बहुधा असें होतें. येथें तेल व चोळणें ह्यांचा उपयोग नाहीं. बुरशीवरील औषध लागतें, आणि तें पशुवैद्यानेंच ठरवावें. तिसऱ्या विकारांत पिशवीचे स्नायु ताणून सैल पडतात व ती छातीपुढें लोंबूं लागते. असें अन्नपुट सहसा पूर्ववत् होत नाहीं. थोडा थोडा मऊ आहार देऊन त्या कोंबडीस संभाळावें लागतें.

आतां एक कळकळीची सूचना. आंबलेलें पाणी काढण्यासाठीं कोंबडीस उलटी धरून अन्नपुट दाबण्याची रीत कित्येक ठिकाणीं आहे. श्वासनलिकेचें तोंड जिभेच्या मुळाशींच असल्यामुळें तें पाणी फुप्फुसांत शिरून कोंबडी तेथल्या तेथें गुदमरून मरते. त्याचप्रमाणें घरीं ब्लेडनें पिशवी चिरणें हा निव्वळ क्रूरपणा होय. ती शस्त्रक्रिया आहे; पशुवैद्य ती योग्य रीतीनें करतो व कोंबडी पुष्कळदां वांचते.

तुंबलेलें अन्नपुट हें कधीं कधीं मूळ रोग नसून दुसऱ्या रोगाची खूण असते. पोटांतील जंत, पुढील आंतड्याचा अडथळा, तसेंच राणीखेत ह्यांतहि तें रिकामें होत नाहीं. ह्या सांथीच्या रोगास आपल्या देशांत हिमालयांतील राणीखेत गांवाचें नांव मिळालें. इंग्लंडांत १९२६ सालीं तो न्यूकॅसल येथें आढळला म्हणून तिकडे त्याचें नांव निराळें. धाप, हिरवी हगवण, वांकडी मान अशीं लक्षणें दिसल्यास घरगुती उपचारांत वेळ दवडूं नये. ह्या रोगावर लस आहे, पण ती आधीं टोंचलेली असावी लागते. एकाएकीं अनेक कोंबड्या मरूं लागल्या तर त्यांस हात न लावतां सरकारी पशुवैद्यकीय अधिकाऱ्यास कळवावें. २००६ सालीं नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें बर्ड फ्लूची सांथ आली, तेव्हांपासून ही दक्षता प्रत्येक घराचें कर्तव्य झालें आहे.

एक-दोन दिवसांत उतार न पडल्यास मुंबईकरांस दूर जावयास नको. परळ येथें १८८६ सालीं स्थापन झालेलें पशुवैद्यक महाविद्यालय आहे, आणि तेथेंच दिनशा माणेकजी पेटिट ह्यांच्या पत्नी साकरबाई ह्यांच्या नांवाचें पशुरुग्णालयहि आहे. औषध चालूं असतां अंडीं खावीं कीं नाहींत, हेंहि पशुवैद्यास विचारावें.

परंतु उपचारापेक्षां सावधगिरी सोपी. अंगणांतील सुतळी, रबर, प्लॅस्टिक रोज वेंचावें. गवत बारीक कापून घालावें. बुरसलेलें अन्न देऊं नये. बारीक कठीण खडे एका पसरट भांड्यांत ठेवावे. शिंपल्यांचा चुरा अंड्याच्या कवचास उपयोगी, पण तो पोटांत विरघळतो, म्हणून खड्यांची जागा घेऊं शकत नाहीं. हें काम घरांतील मुलांनीं आपलेंसें करावें. कोंबडी आपल्या घरास अंडीं देते. तिच्या दुखण्याकडे वेळेवर लक्ष देणें हें आपलें तिच्याविषयींचें साधें कर्तव्य आहे.