तितुबाचा रंग कोणी बदलला?

१ मार्च १६९२. मॅसॅच्युसेट्समधलं सेलम व्हिलेज, म्हणजे आजचं डॅन्व्हर्स. न्यायाधीश जॉन हॅथॉर्न एका गुलाम बाईची उलटतपासणी घेतो आहे आणि शेजारी बसलेली माणसं तिचा शब्द न् शब्द टिपून घेताहेत. हे कागद आजही शाबूत आहेत. त्यांत बाईचं नाव तितुबा आहे आणि नावाला जोडूनच ती ‘इंडियन’ असल्याची नोंद आहे, म्हणजे अमेरिका खंडातल्या मूळ रहिवाशांपैकी. तिच्या नवऱ्याची नोंदही ‘जॉन इंडियन’ अशीच. ज्यांनी तिला समोर उभं पाहिलं, तिच्यावर आरोप केले, तिला तुरुंगात धाडलं, त्या कोणीही तिला आफ्रिकी म्हटलेलं नाही.

आता २०१४ साली सुरू झालेली ‘सेलम’ ही अमेरिकन मालिका पाहा. तितुबाच्या भूमिकेत अ‍ॅशली माडेक्वे ही कृष्णवर्णीय ब्रिटिश अभिनेत्री आहे. प्रेक्षकांना त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण तितुबा म्हणजे कृष्णवर्णीय गुलाम हे चित्र तोवर घराघरांत पक्कं झालेलं होतं. मधल्या सव्वातीनशे वर्षांत नवा कागद सापडला नाही, नवा साक्षीदार उभा राहिला नाही. तरीही एका बाईची कातडी बदलली! अमेरिकन टीव्हीवरच्या चेटकिणींचा वंशाशी काय संबंध आहे हे समजून घ्यायचं, तर या बदलाचा माग काढण्याइतका विलक्षण रस्ता दुसरा नाही.

आधी त्या हिवाळ्यात काय घडलं ते पाहू. पाद्री सॅम्युअल पॅरिसच्या घरातल्या दोन मुली, नऊ वर्षांची बेटी आणि अकरा वर्षांची अ‍ॅबिगेल, अंग पिळवटून किंचाळू लागल्या. डॉक्टर हरले. तेव्हा शेजारच्या मेरी सिब्ली या इंग्लिश गृहिणीने एक उपाय सुचवला. राईचं पीठ घ्यायचं, त्यात बाधा झालेल्या मुलींची लघवी कालवायची, त्याची भाकरी निखाऱ्यात भाजायची आणि कुत्र्याला घालायची. म्हणजे करणी करणारी कोण ते उघड होईल. आपल्याकडे उतारा टाकतात ना, त्याच जातीचा हा प्रकार, आणि तो इंग्लंडच्या खेड्यांतून समुद्र ओलांडून आलेला होता. भाकरी भाजली तितुबाने आणि तिच्या नवऱ्याने. युक्ती मात्र गोऱ्या शेजारणीची.

पुढे काय झालं? पॅरिसने मेरी सिब्लीला चर्चमध्ये सगळ्यांसमोर झापलं, तिने रडून चूक कबूल केली, विषय मिटला. तितुबा वर्षाहून जास्त काळ तुरुंगात राहिली.

तिच्या जबानीत काय आहे, हे तर फारच पाहण्यासारखं आहे. बॉस्टनहून आलेला उंच माणूस, पांढरे केस, काळे कपडे. त्याच्या हातातलं पुस्तक, त्यात उमटलेल्या नऊ खुणा. पिवळा पक्षी, काळा कुत्रा, काठीवर बसून हवेतून जाणं. नंतरच्यांनी तिची जादू जिथली मानली, त्या कॅरिबियन बेटांवरचं यात काय आहे? आफ्रिकेतलं काय आहे? सैतानाच्या पुस्तकात सही करणं ही तर अस्सल युरोपीय कल्पना. पाद्र्याच्या घरात राबणाऱ्या बाईने पाद्र्याच्याच प्रवचनांतला सैतान त्याला परत ऐकवला. मालकाने मारून मारून कबुली वदवून घेतली, असं ती नंतर सांगत होती, हे रॉबर्ट कॅलेफने १७०० साली छापलेल्या पुस्तकात नोंदवलं आहे. ज्या बायका कबूल झाल्या नाहीत त्यांतल्या कित्येक फासावर गेल्या. एकोणीस जणांना फाशी झाली, एका म्हाताऱ्याला दगडांखाली चिरडून मारलं. कबुली देणारी तितुबा वाचली. पॅरिसने तिच्या तुरुंगवासाचा खर्च भरायला नकार दिला, म्हणून तो भरणाऱ्याच्या ताब्यात तिला देण्यात आलं. त्यानंतर ती कागदांतून नाहीशी होते. तिच्या त्या जबानीतली हुशारी आणि हिंमत मला थक्क करते. समोरच्यांना नेमकं काय ऐकायचं आहे, हे तिने ओळखलं होतं.

मग कातडी कधी बदलली? १८६७ साली चार्ल्स अपहॅमचा सेलमवरचा मोठा इतिहास आला आणि जादूचं मूळ त्याने तितुबाच्या देशच्या चालीरीतींत शोधलं. पुढच्याच वर्षी कवी लाँगफेलोच्या नाटकात तिला एक काळा, उग्र बाप मिळाला. तो मांत्रिक होता आणि विद्या तिला त्याच्याकडून आलेली, असं ती बोलून दाखवते. ही सालं लक्षात घेण्यासारखी आहेत. गुलामगिरीवरून झालेलं यादवी युद्ध १८६५ मध्ये संपलं होतं, आणि त्या वाचकांच्या मनात गुलाम म्हटलं की आफ्रिकी चेहराच उभा राहत होता. मूळ रहिवाशांनाही एकेकाळी गुलाम केलं जात होतं, हे विसरलं गेलं होतं. पुढे कोणी तिला अर्धी आफ्रिकी, अर्धी कॅरिब केलं, आणि १९५३ साली आर्थर मिलरच्या ‘द क्रूसिबल’ नाटकात ती पूर्ण कृष्णवर्णीय झाली. हे नाटक अमेरिकेतल्या शाळाशाळांतून शिकवलं जातं. चॅडविक हॅन्सन या अभ्यासकाने १९७४ साली हा सगळा प्रवास उलगडून दाखवला, पण तोवर तितुबा रंगमंचावर आणि पडद्यावर कायमची स्थिरावली होती.

रंगापेक्षा मोठी अदलाबदल मला इथे दिसते. मेरी सिब्लीची युक्ती तितुबाच्या खात्यावर चढली. गोऱ्यांच्या घरातला जादूटोणा बाहेरून, काळ्या बाईने आणला, अशी गोष्ट तयार झाली. ‘सेलम’ मालिकेत तर कमालच आहे. तिथे मेरी सिब्ली हीच नायिका, गावावर छुपी सत्ता चालवणारी महाचेटकीण. आणि तिला जंगलात नेऊन या मार्गाला लावते कोण? तितुबा. विद्येचा उगम सावळ्या बाईत, सत्ता गोऱ्या बाईच्या हातात. हा साचा एकदा ओळखू येऊ लागला की मग मालिकेमागून मालिकेत दिसतो.

अमेरिकन टीव्हीवरची पहिली लाडकी चेटकीण सावळ्या रंगाशी काही नातं न सांगणारी होती. १९६४ ते १९७२ चाललेल्या ‘बिविच्ड’मधली सॅमँथा म्हणजे उपनगरातली गोरीगोमटी गृहिणी, नाक हलवून जादू करणारी. नव्वदच्या दशकात सोनी वाहिनीवर ती हिंदी बोलत आपल्याही घरांत आली होती. याच मालिकेच्या १९७० सालच्या नाताळच्या भागाची हकिगत मला फार मोलाची वाटते. लॉस एंजेलिसच्या जेफर्सन हायस्कूलमधल्या सव्वीस कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी, दहावीच्या एका वर्गाने, त्याची कथा लिहिली. गोष्टीत सॅमँथाची मुलगी टॅबिथा आणि तिच्या बाबांच्या सहकाऱ्याची कृष्णवर्णीय मुलगी लिसा जिवलग मैत्रिणी होतात. तुमचे रंग वेगळे, तुम्ही बहिणी कशा, असं कोणीतरी म्हणतं. मग टॅबिथा जादू करते आणि लिसाच्या अंगावर पांढरे ठिपके उठतात, स्वतःच्या अंगावर काळे. दोघी आरशासमोर ठेवलेल्या जोडबाहुल्यांसारख्या. आणि ठिपके काही केल्या जात नाहीत, कारण टॅबिथाला मनातून ते जायला नकोच आहेत! रंग ही अंगावर पडलेली एक खूण आहे आणि नातं त्याच्या पलीकडचं, हे पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांनी इतक्या सोप्या चित्रात दाखवलं. या भागाला १९७१ साली एमी पुरस्कार सोहळ्यात गव्हर्नर्स अवॉर्ड मिळालं.

त्यातच एक प्रसंग आज पाहवत नाही. नवऱ्याच्या वंशद्वेष्ट्या गिऱ्हाइकाला धडा शिकवण्यासाठी सॅमँथा त्याला सगळे लोक काळे दिसतील असं करते आणि गोरे नट तोंडाला काळा रंग फासून येतात. हेतू कितीही चांगला असो, हे दृश्य कृष्णवर्णीय माणसांची टिंगल करणाऱ्या जुन्या खेळांची आठवण जागी करतं. आणि जादू अखेर गोऱ्या घरातच राहते. लिसाच्या हातात काही नाही.

लिसासारख्या मुलींच्या हाती जादू यायला मोठा काळ गेला. आली तेव्हा कशी आली, याचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे ‘द व्हॅम्पायर डायरीज’ची बॉनी. एल. जे. स्मिथच्या १९९१ सालच्या मूळ कादंबऱ्यांत ती बॉनी मॅककुलो आहे: लाल केसांची, गोरी, पूर्वज सेल्टिक. २००९ साली मालिका आली तेव्हा ती बॉनी बेनेट झाली, कॅट ग्रॅहम या कृष्णवर्णीय अभिनेत्रीने साकारलेली. तिचं घराणं आता सेलमच्या चेटकिणींचं. बदल चांगलाच होता. एका मोठ्या लोकप्रिय मालिकेत कृष्णवर्णीय मुलगी सर्वांत शक्तिमान. पण ती शक्ती खर्च कुठे होते ते पाहा. तिची पूर्वज एमिली १८६४ साली व्हर्जिनियात एका गोऱ्या व्हॅम्पायर बाईची दासी असते, आणि गुलामगिरीबद्दल मालिका जवळजवळ बोलतच नाही. तिची आजी शीला पहिल्याच पर्वात इतरांच्या सुटकेसाठी थडग्यावरचा मंत्र उतरवते आणि त्या श्रमाने मरते. बॉनी मंत्र म्हणू लागली की तिच्या नाकातून रक्त येतं.

चौथ्या पर्वाच्या शेवटी बॉनी स्वतः मरते, मैत्रीण एलेनाच्या भावाला, जेरेमीला, जिवंत करताना. ती गेली हे तिच्या मैत्रिणींना महिनोन्‌महिने कळतच नाही. जेरेमी खोटं सांगून वेळ मारून नेत राहतो, भूत झालेली बॉनीच त्याला तसं करायला सांगते. पुढच्या पर्वाच्या सुरुवातीला तिच्या वडिलांचा भर सभेत मंचावर खून होतो. बॉनी तिथेच उभी आहे, भूत होऊन. ती किंचाळते, आणि तिथल्या कोणालाच ऐकू जात नाही. मालिकेने हे दुःख म्हणून दाखवलं असेल, पण मला त्यात मालिकेच्याच स्वभावाची कबुली दिसते. बॉनीची गरज सगळ्यांना आहे आणि बॉनीकडे लक्ष कोणाचंच नाही.

शेजारी ‘बफी’ या मालिकेतली गोरी चेटकीण विलो ठेवली की फरक डोळ्यांत भरतो. तीही मैत्रिणींसाठी राबते, तिच्याही नाकातून रक्त येतं. पण तिची जादू ही तिची स्वतःची कथा आहे. ती जादूच्या आहारी जाते, प्रेयसीच्या मृत्यूने वेडी होऊन जग जाळायला निघते, सावरते. तिच्या रागाला एका पर्वाचा अख्खा शेवट मिळाला. आणि रंगांचा खेळ पाहा: विलो वाईट होते तेव्हा तिचे केस आणि डोळे काळे होतात, आणि शेवटचा पुण्यकर मंत्र म्हणताना केस पांढरेशुभ्र. काळं म्हणजे पाप, पांढरं म्हणजे पुण्य, हे समीकरण इतकं खोल मुरलेलं आहे की लेखकांना ते उच्चारावंही लागत नाही.

२०१३ सालच्या ‘अमेरिकन हॉरर स्टोरी: कोव्हन’ने मात्र हा हिशेब उघडपणे मांडला. न्यू ऑर्लिन्सची खरीखुरी वूडू राणी मारी लाव्हो, जी १८८१ साली वारली, तिथे अँजेला बॅसेटच्या रूपात अजून जिवंत आहे आणि केशकर्तनालय चालवते. गोऱ्या चेटकिणींची म्होरकी तिला हिणवायला जाते तेव्हा मारी तिला ठणकावून सांगते की तितुबा अरावाक या मूळ रहिवाशांच्या जमातीची होती, तिची विद्या हजारो वर्षांच्या परंपरेतून आलेली होती, आणि सेलमच्या मुलींनी ती घेऊन तिचा विश्वासघात केला. कातडीची दुरुस्ती झाली! एलेन ब्रेस्लॉ या इतिहासकार बाईंनी १९९६ साली तितुबा अरावाक असावी असं मांडलं होतं, ते इथे लाखो प्रेक्षकांपर्यंत गेलं. पण विद्येचा उगम सेलमबाहेर, ही अपहॅमची कल्पना तशीच राहिली. मेरी सिब्लीची भाकरी याही गोष्टीतून गायबच. आणि त्याच मालिकेतल्या क्वीनी या कृष्णवर्णीय तरुणीची शक्ती काय, तर स्वतःच्या अंगाला इजा करायची म्हणजे ती समोरच्याला होते. तिची जादू तिच्याच वेदनेतून वाट काढते.

२०२४ च्या ‘अ‍ॅगाथा ऑल अलाँग’मध्ये पहिल्यांदा मला हा साचा खऱ्या अर्थाने मोडलेला दिसला. जेनिफर केल ही मार्व्हलच्या १९७० च्या दशकातल्या कॉमिक्समध्ये सोनेरी केसांची गोरी मुलगी होती. मालिकेत सशीर झमाटा या कृष्णवर्णीय अभिनेत्रीने तिची भूमिका केली आहे. ही जेनिफर एकेकाळी सुईण होती, जडीबुटी जाणणारी. शंभर वर्षांपूर्वी कोणीतरी तिची शक्ती बांधून टाकली आणि तेव्हापासून ती हतबल आहे. अमेरिकेत सुईणींचं काम डॉक्टरांनी कसं हिरावून घेतलं आणि त्यात कृष्णवर्णीय सुईणींना कसं हुसकावलं गेलं, त्या खऱ्या इतिहासाचा धागा इथे आहे. बांधणारी होती अ‍ॅगाथाच, इतर चेटकिणींची शक्ती शोषून जगणारी, आणि तिने ते पैशासाठी केलं होतं. हे कळताच जेनिफर तिचा हात धरून बंधन तोडण्याचा मंत्र म्हणते, तो अ‍ॅगाथाला वाचवण्यासाठी नव्हे आणि जगाला वाचवण्यासाठीही नव्हे. शक्ती परत मिळाल्यावर ती मातीतून वर येते आणि उडून जाते. गोष्ट अजून संपलेली नसते, इतरांची भांडणं बाकी असतात. त्यांत तिला कोणी ओढत नाही.