जळगाव-धुळ्यातील नादारी प्रकरणे : दाखल प्रक्रिया आणि नोंदी

कर्ज फेडण्यास असमर्थ ठरलेल्या व्यक्तीस न्यायालयाने तसे घोषित करणे म्हणजे नादारी होय; मुंबईबाहेरच्या महाराष्ट्रात तिचा आधार प्रांतिक नादारी अधिनियम, 1920 हा असून, जळगाव व धुळे जिल्ह्यांत असे अर्ज तेथील जिल्हा न्यायालयांच्या अधिकारकक्षेत येतात. ऋणको, म्हणजे कर्जदार, स्वतः किंवा धनको, म्हणजे कर्ज देणारा, अर्ज करू शकतो. ऋणकोच्या अर्जात देणी, धनकोंची नावे व मालमत्तेचा तपशील द्यावा लागतो. नादारी जाहीर होताच मालमत्ता न्यायालयाकडे किंवा त्याने नेमलेल्या रिसीव्हरकडे जाते आणि आदेश राजपत्रात प्रसिद्ध होतो.

2016 च्या दिवाळखोरी संहितेनुसार कंपन्यांची प्रकरणे मात्र राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठापुढे चालतात. म्हणून शोध घेण्यापूर्वी ऋणको व्यक्ती आहे की कंपनी, हे निश्चित करावे. व्यक्तीचे प्रकरण ई-कोर्ट्स संकेतस्थळावर जिल्हा निवडून पक्षकाराच्या नावाने शोधता येते, तर 1960 पूर्वीच्या कागदांत जळगावऐवजी ‘पूर्व खानदेश’ आणि धुळ्याऐवजी ‘पश्चिम खानदेश’ ही जिल्हानावे पाहावीत. संकेतस्थळावरील माहिती केवळ संदर्भापुरती असल्याने, पुराव्यासाठी न्यायालयात अर्ज करून आदेशाची प्रमाणित नक्कल घ्यावी.