दिवसाला तळहाताएवढं

"दिवसाला तळहाताएवढं," ताई म्हणाल्या आणि पुन्हा भिंगात डोळा घातला. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात २००८पासून कलासंवर्धन केंद्र आहे. तिथे त्या तैलचित्रं साफ करतात. आधी फोटो, नोंदी, कोपऱ्यात चाचणी. मग काडीला कापूस गुंडाळायचा, द्रावणात बुडवून टिपायचा आणि चित्रावर हलकेच फिरवायचा. बोळा कोऱ्या चहाच्या रंगाचा झाला की टाकून नवा. तो रंग म्हणजे पिवळं पडलेलं जुनं व्हार्निश. नुसती काजळी असेल तर कित्येकदा लाळेचा बोळाही पुरतो, कारण लाळेतली विकरं मळ सोडवतात. जगभरच्या संग्रहालयांत ही रीत आहे.

मी गेलो ते बार्शीतल्या एका जुन्या सभागृहातल्या तैलचित्रामुळे. पुण्यतिथीच्या आदल्या दिवशी कुणीतरी ते ओल्या फडक्यानं पुसलं, वर चमक यावी म्हणून खोबरेल चोळलं. श्रद्धेनंच केलं सगळं. पण गालावरचे सुटलेले पोपडे फडक्यासोबत गेले.

ऐकून ताई रागावल्या नाहीत. त्यांनी अजिंठ्याचं सांगितलं. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारनं इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी हे तज्ज्ञ आणले. त्यांनी सुटणारा रंग भिंतीला धरून ठेवला, पण वरून लाखेचं रोगण दिलं. ते पिवळं पडून चित्रं झाकोळली आणि पुढे पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांना ते उतरवत बसावं लागलं. तज्ज्ञांचंही असं होतं, म्हणून जे लावाल ते उद्या काढता आलंच पाहिजे. रंग उडालेल्या जागेपुरतीच भर घालायची, मूळ रंगावर एक फटकाराही मारायचा नाही. मला हा संयम चित्र काढण्याइतकाच मोठा वाटतो. ताईंनी अतिनील दिवा लावला: जुनं व्हार्निश हिरवट चमकलं, नंतरची डागडुजी काळी पडली. कुणी कुठे हात मारलाय, सगळं दिसत होतं.

सकाळपासून एक कान आणि थोडं पागोटं उजळलं होतं. दिवसाला तळहाताएवढंच.

या कामाला चित्रकलेइतकंच रसायनशास्त्र लागतं. लखनौला १९७६पासून केंद्र सरकारची संवर्धन प्रयोगशाळा आहे, तिथे प्रशिक्षणही मिळतं. बार्शीतून रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी होणारी मुलं औषध कंपन्यांची वाट धरतात. हीही एक वाट आहे हे त्यांच्या कानावरच येत नाही. आपल्या प्राध्यापकांनी ते वर्गात सांगावं, एवढी विनंती.