गाडी घरच्या घरी – भाग 9 : पुढचं चाक गुरगुरतं तेव्हा

मागच्या भागात बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरी पूड साफ केली. आज चाकाकडे वळू.

मांडवी-भाट्याकडच्या लोकांची एक तक्रार ठरलेली: सकाळी गाडी काढली की पुढून खरखर, आणि दोन-तीन वळणं घेईतो ती गायब. यात काही बिघडलेलं नसतं. ब्रेकची डिस्क बिडाची असते. खारट, दमट हवेत रात्रभरात तिच्यावर गंजाचा पातळ थर चढतो आणि पहिल्या चार-सहा ब्रेकमध्ये पॅड तो खरवडून काढतात. खरखर दिवसभर राहिली, तरच पुढचं वाचा.

आवाज कुठून येतो हे आधी शोधू नका, केव्हा येतो ते शोधा. पत्र्यातून आवाज इतका फिरतो की कान हमखास फसतो. मी स्वतः डाव्या चाकाला आठवडाभर दोष दिला, निघालं उजवं.

स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू निघताना कट-कट-कट आलं, तर संशय ड्राइव्ह शाफ्टच्या सीव्ही जॉइंटवर. चाकामागे वाकून पाहा: रबरी बूट फाटून आतलं ग्रीस बाहेर उडालेलं दिसेल. ब्रेक दाबल्यावर किंचाळतं ते बहुधा झिजलेलं पॅड. डिस्क आणि तिच्यामागच्या पातळ पत्र्यात जांभ्याचा खडा अडकला, तरी भयंकर किरकिर होते. कधी कधी थोडं मागे-पुढे केल्यावर तो आपसूक पडतो.

आणि वेगाबरोबर चढत जाणारी घूं-घूं? ती टायरची किंवा बेअरिंगची. हातखंब्याला महामार्गाच्या काँक्रीटवर एक आवाज आणि डांबरावर दुसरा येत असेल, तर टायर. दोन्हीकडे सारखाच येत असेल, तर मोकळ्या रस्त्यावर पन्नासच्या वेगाने हलकंसं डावीकडे वळा. भार उजव्या चाकावर जातो. तेव्हा घूं-घूं वाढली तर बहुधा उजवं बेअरिंग गेलं. उजवीकडे वळताना वाढली तर डावं.

खात्री हाताने करायची. सपाट, घट्ट जमिनीवर हँडब्रेक लावा, मागच्या चाकांना अडण घाला, मगच जॅक. अडणीला जांभ्याचा चिरा चालतो, पण गाडीखाली टेकू म्हणून चिरा कधीही नको. भार आला की तो अचानक फुटतो. खाली जायचंच नाही, तरी खबरदारी म्हणून स्टेपनी बाजूने गाडीखाली सरकवून ठेवा. गिअर न्यूट्रलमध्ये घ्या, एक हात स्प्रिंगवर ठेवा आणि दुसऱ्याने चाक फिरवा. बेअरिंग खराब असेल तर स्प्रिंगमध्ये जात्यासारखी घरघर जाणवते.

मग चाक वर-खाली धरून हलवा. खेळ लागला तर घरच्या कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. खेळ नाहीसा झाला तर बेअरिंग. राहिला तर खालचा बॉल जॉइंट. फक्त डावं-उजवं धरून हलवतानाच खेळ लागत असेल, तर टाय रॉड.

बेअरिंग बदलणं मात्र घरचं काम नव्हे. बहुतेक गाड्यांत ते प्रेसने बसवावं लागतं. गॅरेजमध्ये गेल्यावर ‘पुढून आवाज येतो’ एवढंच सांगू नका. ‘पन्नासला, डावीकडे वळताना वाढतो, वर-खाली खेळ आहे’ असं सांगा. दोन्ही बेअरिंगांचं बिल आलं, तर दुसऱ्याचं कारण विचारा.