तीस वर्षांनी जुनी, शंभर वर्षांनी वारसा

नागपूरच्या दीक्षाभूमीवरचा स्तूप सांचीची आठवण करून देतो. पण सांचीचा स्तूप भरीव, हा आतून पोकळ. व्यास १२० फूट, उंचीही तेवढीच. वास्तुरचनाकार शिवदानमल यांच्या आराखड्यानुसार जुलै १९७८मध्ये काम सुरू झाले आणि १८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते लोकार्पण झाले. डोळ्यांना दिसतो तो धोलपुरी दगड, संगमरवर आणि ग्रॅनाइट. एवढी पोकळी पेलण्याचे काम मात्र सळ्या घातलेल्या काँक्रीटचे. १४ ऑक्टोबर १९५६च्या धम्मदीक्षेची ही जागा लाखो लोकांसाठी श्रद्धास्थान आहे. ऐतिहासिक काँक्रीट इमारतींच्या जतनावर नागपुरात कुणी पीएच.डी. करायची म्हटली, तर पहिला विषय हाच असायला हवा, असे मला ठामपणे वाटते.

असा अभ्यास तातडीने व्हायला हवा, याचे एक कारण कायद्यात आहे. महाराष्ट्रातल्या शहरांत इमारत तीस वर्षांची झाली की स्ट्रक्चरल ऑडिट लागते, म्हणजे ती जुनी ठरते. केंद्राच्या १९५८च्या पुरातत्त्व कायद्यात स्मारक ठरायला मात्र किमान शंभर वर्षे हवीत. मधली सत्तर वर्षे या कायद्यांच्या लेखी काँक्रीटची इमारत फक्त ‘जुनी’ असते. दिल्लीचा हॉल ऑफ नेशन्स १९७२चा. एप्रिल २०१७मध्ये तो पाडला गेला. साठ वर्षे पूर्ण नसलेली वास्तू वारसा समितीच्या विचारात बसत नव्हती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, त्याच दिल्लीत, ‘इकोमॉस’ या जागतिक संस्थेच्या महासभेच्या वेळी विसाव्या शतकातील वास्तूंच्या जतनाची ‘माद्रिद–नवी दिल्ली’ मार्गदर्शिका पुढे आली. आठ महिन्यांचा उशीर झाला होता.

काँक्रीट दगडासारखे झिजत नाही, ते आतून आजारी पडते. ताज्या काँक्रीटचा सामू साडेबारा-तेराच्या घरात असतो आणि त्या अल्कधर्मी वातावरणात सळीवर एक पातळ संरक्षक थर टिकून राहतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत झिरपतो, सामू नऊच्या आसपास उतरतो, थर मोडतो आणि पाणी मिळताच सळी गंजू लागते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक असते, म्हणून सळीवरचे काँक्रीटचे आवरण, म्हणजे कव्हर, फुटते, पोपडे पडतात. काँक्रीटच्या ताज्या कापावर फिनॉल्फ्थॅलिन शिंपडले की निरोगी भाग गुलाबी होतो, बाधित भाग रंगहीन राहतो. ही बाधा सर्वसाधारणपणे काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात खोल जाते: पंचवीस वर्षांत दहा मिलिमीटर, तर शंभर वर्षांत वीस.

मुंबईत या सगळ्यावर समुद्राच्या क्षारांची भर पडते. मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारतींचा मोठा शत्रू तोच. नागपूरला समुद्र नाही. इथे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे, पाठोपाठ चार महिने पाऊस. बाधा वेगाने पसरते ती साधारण ५० ते ७० टक्के आर्द्रतेत. फार कोरड्या किंवा पाण्याने भरलेल्या काँक्रीटमध्ये ती मंदावते. गंजाला मात्र ओल लागते. कोरडे-ओले होण्याच्या या फेऱ्यात विदर्भातले काँक्रीट कसे वागते, याचे उत्तर मुंबईच्या अनुभवातून मिळणार नाही. इथेच मोजावे लागेल. त्यात स्तूपावर दगडी आवरण. आवरणामागे ओल साचली तर तडा दिसायला फार उशीर होतो.

आणखी एक गोष्ट मला अभ्यासकासाठी फार मोलाची वाटते. काँक्रीटचे भारतीय मानक आयएस ४५६ सुधारले गेले १९७८मध्ये आणि पुन्हा २०००मध्ये. पहिल्या वेळी सळईच्या काँक्रीटला किमान एम-१५ प्रत चालत होती. दुसऱ्या वेळी ती एम-२० झाली आणि टिकाऊपणाचे नियम कडक झाले. स्तूपाचे बांधकाम जवळपास या दोन टोकांमध्येच, तेवीस वर्षे चालले. म्हणून एका ठिकाणचा नमुना साऱ्या वास्तूबद्दल बोलणार नाही. आणि नमुने तरी किती काढणार? श्रद्धास्थानाला भोके पाडत सुटता येत नाही. रडार, अल्ट्रासोनिक लहरी, सळीचे विद्युतविभव मोजणे, हेच मार्ग आधी.

दुरुस्तीतही घाई नडते. खराब भाग काढून नवे मॉर्टर भरले, की कधी कधी लगतच्या जुन्या भागातली सळी अधिक वेगाने गंजते. गोव्यात चार्ल्स कोरियांच्या कला अकादमीचे नूतनीकरण सुरू असतानाच जुलै २०२३मध्ये खुल्या रंगमंचाचे छत कोसळले. खोदकामाचेही तसेच. १ जुलै २०२४ रोजी दीक्षाभूमीवर भूमिगत पार्किंगविरुद्ध लोक उसळले. खोदकामाने स्तूपाला धोका होईल ही भीती त्यांनी बोलून दाखवली आणि सरकारने कामाला स्थगिती दिली. लोकांची ही भीती रास्त होती. अशा भीतीला उत्तर देते ती खोदकामाआधीची मोजणी: तड्यांचा नकाशा, पायाची पातळी, कंपनांच्या नोंदी. तिच्याशिवाय अभियंत्याचे आश्वासन आणि भाविकाची शंका, दोन्ही पुराव्याविनाच राहतात.

नागपुरात १९६०पासून चालत आलेले विश्वेश्वरय्या अभियांत्रिकी महाविद्यालय, आजचे व्हीएनआयटी, आहे. तिथे स्थापत्य आहे, वास्तुकलाही आहे. हे काम दोन्ही विभागांनी मिळून हाती घ्यावे. आणि १९७८ ते २००१ या काळात स्तूपाच्या कामावर असलेले अभियंते, गवंडी, सेंटरिंगवाले, सळईकाम करणारे, रेती-सिमेंट पुरवणारे आपल्या घरात किंवा ओळखीत असतील, तर त्यांच्या आठवणी आजच लिहून घ्या. फोटो, नकाशे, पावत्या जपा आणि त्यांची एक प्रत दीक्षाभूमीच्या स्मारक समितीकडे पोहोचवा.