चिलटाच्या पाठीतला रक्ताचा कारखाना

कंदरच्या केळीची पिकून काळी पडलेली फणी दोन दिवस घरात राहू द्या, चिलटं कुठून उगवतात ते देवालाच ठाऊक. त्यातलं एखादं टाळीत सापडलं की तळहातावर तांबूस ठिपका उमटतो. रक्त नव्हे हो, तो डोळ्यांचा रंग! चिलटाच्या रक्तात लाल पेशी नसतातच. प्राणवायू अंगभर पोचवायला त्याच्याकडे बारीक हवानळ्या आहेत.

(बागायतदारांनी गोंधळू नये. पेरूला डंख मारणारी, कामगंध सापळ्यात अडकणारी फळमाशी वेगळी. प्रयोगशाळेतलं लाडकं ड्रोसोफिला म्हणजे हे चिलट.)

लाल रक्ताचा किडा बघायचाच असेल, तर उजनीचं पाणी ओसरल्यावर केत्तूरकडच्या काठाचा गाळ चाळवावा. कायरोनोमस माशीच्या तांबड्या अळ्या अशाच गाळात राहतात. तिथे प्राणवायूचा दुष्काळ, म्हणून त्या हिमोग्लोबिन बाळगतात. आपलं पेशींत बंद असतं, त्यांचं थेट रक्तात विरघळलेलं.

मग चिलटाच्या रक्तात असतं काय? पहारेकरी! शंभरातल्या सुमारे ९५ पेशी जंतू गिळणाऱ्या, उरलेल्या बहुतेक जखमेवर काळी खपली धरवणाऱ्या. तिसरी जात एरवी दिसतही नाही. इवलीशी परजीवी गांधीलमाशी अळीच्या अंगात अंडं घालते, तेव्हा या चपट्या पेशी धावतात आणि अंड्याभोवती थरावर थर चढवतात. डाव साधला, तर पारदर्शक अळीच्या आत बारीकसा काळा ठिपका दिसतो. तो म्हणजे शत्रूची कबर.

अळीचं हृदय पाठीत, आणि त्याच्या पुढच्या नळीला चिकटलेली ग्रंथी हा रक्तपेशींचा कारखाना. अळीचा कोष होताना ग्रंथी फुटते आणि धरणाची दारं उघडावीत तशा पेशी सुटतात.

कोणती पेशी काय होणार, हे जनुकं ठरवतात. खपलीवाल्या पेशी घडवणाऱ्या ‘लोझेंज’चा माणसातला भाऊबंद बिघडला, तर रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. ‘हॉपस्कॉच’ची एक बिघडलेली प्रत रक्तपेशींचं पेव फोडते, आणि २९ अंशांना तर फारच. आपल्या सोलापुरी उन्हाळ्यात त्या चिलटांचं काय होईल, विचारूच नका! हा बिघाड १९९५ मध्ये उलगडला. माणसातल्या त्याच कुळातल्या जनुकाचा बिघाड, ज्याने रक्त घट्ट होतं, सापडला २००५ मध्ये. चिलट दहा वर्षं पुढे!

आणि ‘असृज’? बंगळुरूत मनीषा इनामदार यांच्या प्रयोगशाळेने अभ्यासलेलं हे जनुक चिलटाच्या कच्च्या रक्तपेशींना वेळेआधी पिकू देत नाही. नाव संस्कृत, अर्थ रक्त. बारसं झालं ते उंदरातल्या जनुकाचं. रंगहीन रक्ताच्या चिलटाला ते भावकीतून मिळालं.