ताडीवाला रोड ते विश्रामबाग

पुणे स्टेशनजवळ ताडीवाला रोडची वस्ती आहे. तिथला अल्ताफ, १९९९ सालचा जन्म, लहानपणी कव्वाली गायचा. थोरल्या भावाच्या नादानं एमिनेम कानावर पडला आणि बीटबॉक्सिंग, बी-बॉइंग (ब्रेकडान्स) करत करत पोरगा रॅपकडे वळला. एमसी स्टॅन या नावानं त्याचं ‘वाटा’ २०१८ मध्ये यूट्यूबवर आलं, पुढच्या वर्षी ‘खुजा मत’ आलं आणि २०२० मध्ये ‘तडीपार’ हा अख्खा अल्बम. गाणं लिहायचं, चाल बांधायची, बीट बनवायचा आणि वर आवाजही आपलाच, असा सगळा मामला.

अल्बमचं नाव सांगली-मिरजेतल्या पेपर वाचणाऱ्याला वेगळं समजवावं लागत नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या ५५ ते ५७ या कलमांखाली माणसाला जास्तीत जास्त दोन वर्षं जिल्ह्याबाहेर काढता येतं, आणि निवडणूक किंवा गणेशोत्सव जवळ आला की अशा याद्या छापून येतात. त्या यादीतली भाषा पोरानं अल्बमच्या पाटीवर चढवली.

१२ फेब्रुवारी २०२३ ला तो ‘बिग बॉस’चं सोळावं पर्व जिंकला. उपविजेता अमरावतीचा शिव ठाकरे, म्हणजे शेवटची लढत मराठी मुलखातल्याच दोघांत झाली. स्टॅनच्या ८० हजारांच्या बुटांची चर्चा तर रॅप कशाशी खातात हे माहीत नसलेल्या घरांतही पोचली. त्याला मोठं केलं ते टीव्हीनं, असं तेव्हापासून सर्रास बोललं जातं. हे अर्धंच खरं आहे. ‘तडीपार’ टीव्हीच्या दोन वर्षं आधीचा, ‘इन्सान’ही २०२२ मधलाच. वाहिनीनं बोलावलं तेव्हा पोराकडे स्वतःची गाणी होती आणि स्वतःचा श्रोता होता. त्यानंतर मार्च २०२३ मध्ये इंदूरचा कार्यक्रम विरोधामुळे बंद पडला, हाही त्याच प्रसिद्धीचा भाग.

विश्रामबागेत बसून या प्रवासाकडे पाहिलं तर काय दिसतं? सांगली आणि मिरज यांच्या मधलं हे उपनगर म्हणजे कॉलेजांचा मुलूख. विलिंग्डन १९१९ चं, वालचंद अभियांत्रिकी १९४७ चं. हॉस्टेलच्या खोलीत लॅपटॉप आहे, हेडफोन आहे, आणि कपाट उघडून कपड्यांकडे तोंड करून रेकॉर्डिंग केलं की घुमारा बसतो, हे शहाणपण यूट्यूबवर फुकट मिळतं. बीट बनवायचं एफएल स्टुडिओ हे सॉफ्टवेअर बेल्जियमच्या इमेज-लाइन कंपनीचं. १९९७ मध्ये ते ‘फ्रूटीलूप्स’ नावानं आलं. त्यातला जो खोल, छातीत घुमणारा ढम्म आवाज पोरं ‘एट-ओ-एट’ म्हणून ओळखतात, तो रोलँडच्या टीआर-८०८ या १९८० च्या जपानी यंत्राचा. ते यंत्र बाजारात आपटलं, जुन्या मालाच्या दुकानांत कवडीमोलानं आलं आणि म्हणूनच अमेरिकेतल्या गरीब वस्त्यांतल्या पोरांच्या हाती पडलं. महागड्या स्टुडिओत त्याला कुणी विचारत नव्हतं.

इथल्या पोराच्या हाताशी याहून जुना माल आहे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या तंबोऱ्याचा षड्ज फोनवर टिपून बीटखाली सोडता येतो. हलगीची कडकडाट करणारी थाप स्नेअर ड्रमच्या जागी चपखल बसते, फक्त ती अगदी जवळून रेकॉर्ड केली तर चिरकते, चार हात लांबूनच घ्यावी लागते. असले प्रयोग व्हायला हवेत तेवढे होत नाहीत. पोरं अजून अमेरिकेतल्या अटलांटाच्या ढंगाचा बीट नेटवरून उतरवून घेण्यातच खूश आहेत.

आणि खरी मेख तिथंच आहे. नेटवरचा तयार बीट बहुधा ‘लीज’वर मिळतो. तोच बीट आणखी दहाजणांना विकलेला असतो आणि गाणं ठराविक वेळा वाजलं की नव्यानं पैसे भरावे लागतात. बीट स्वतःचा असेल तर गाण्याचे दोन्ही हक्क, शब्दांचा आणि संगीताचा, एकाच माणसाच्या खिशात राहतात. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनं गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा त्यांच्याकडून लिहून घेता येणार नाही, असा केला. जावेद अख्तर त्यासाठी राज्यसभेत भांडले. रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएस या जुन्या संस्थेची २०१७ मध्ये नव्यानं नोंदणी झाली. ‘स्वतंत्र रॅपर’ या बिरुदाला अर्थ येतो तो इथून. टोपी उलटी घातल्यानं येत नाही.

मुंबईच्या एमिवे बंटायनं हे बिरुद आधी मिरवलं. असल्या पोरांना यातून पैसे कुठे मिळतात, अशा आशयाचं रॅपर रफ्तार एका मुलाखतीत बोलला, तेव्हा एमिवेनं २०१८ मध्ये गाण्यातूनच उत्तर दिलं. स्टॅननं ‘खुजा मत’मध्ये पुढे एमिवेलाच धरलं. या ‘डिस’ प्रकाराला वडीलधारी मंडळी नाकं मुरडतात, पण कलगी-तुऱ्याच्या फडात शाहीर एकमेकांची अब्रू काढत होते आणि गाव पहाटेपर्यंत बसून ऐकत होतं. वाळवे तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षच्या श्रीधर कुलकर्ण्यानं घराणं आणि जात मागे टाकून तमाशाचा फड धरला आणि तो पठ्ठे बापूराव झाला. त्याच तालुक्यातल्या वाटेगावच्या अण्णाभाऊ साठ्यांनी १९४४ मध्ये अमर शेख आणि गवाणकरांसोबत लाल बावटा कलापथक उभं केलं. तेव्हाचं सरकार या पथकावर नजर ठेवून असे. एप्रिल २०२३ मध्ये राज मुंगासे या रॅपरवर सत्ताधाऱ्यांच्या खोक्यांवरच्या गाण्यासाठी अंबरनाथला गुन्हा दाखल झाला, उमेश खाडे या रॅपरवर त्याच्या गाण्यासाठी मुंबईत. डफ गेला, मोबाइल आला, फौजदार तोच.

हक्काच्या भांडणातही सांगली नवखी नाही. मास्टर दीनानाथांची बलवंत संगीत मंडळी सांगलीत स्थिरावली. पुढे त्यांनी स्वतः चित्रपटनिर्मितीत उडी घेतली आणि त्यात कर्जबाजारी झाले. म्हणजे स्वतःचा माल स्वतः काढण्यात काय जोखीम असते, हे या गावानं नव्वद वर्षांपूर्वी पाहिलंय. सांगलीत लहानपण गेलेली त्यांची लेक लता पुढे साठच्या दशकात गायकांनाही रॉयल्टी हवी म्हणून उभी राहिली; एकदा मानधन घेतलं की हक्क संपला, असं मोहम्मद रफींचं म्हणणं. त्यावरून लता आणि रफी काही वर्षं एकत्र गायले नाहीत. आज लॅपटॉपवर गाणं करणारा पोरगा निर्माताही तोच आणि गायकही तोच, त्यामुळे हा वाद त्याच्यापुरता मिटला, असं वाटतं.

पण पैसा तेवढ्यानं येत नाही. यूट्यूबच्या जाहिरातीतला वाटा हवा तर हजार सबस्क्रायबर आणि वर्षात चार हजार तास पाहणं लागतं. स्पॉटिफायवर २०२४ पासून वर्षात हजार वेळाही न वाजलेल्या गाण्याला छदाम मिळत नाही. कमाई होते ती कार्यक्रमांतून, आणि कार्यक्रम पुण्या-मुंबईत. सांगलीत भावे नाट्यमंदिर आहे, पण तिथं संध्याकाळ रॅपला देणारा आयोजक शोधावा लागेल. इथं उरतात ती गॅदरिंगं आणि गणेशोत्सव, जिथं मानधनापेक्षा सत्काराच्या शाली जास्त मिळतात.

भाषेचा प्रश्नही पैशाशीच बांधलेला आहे. स्टॅन पुण्याच्या वस्तीतली हिंदी बोलतो, कारण ती इंदूरपासून हैदराबादपर्यंत चालते. तरी मराठीतही वाट आहे. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर, म्हणजे ‘हंड्रेड आरबीएच’, ‘स्वदेशी’ या गटात मराठीत रॅप करतो. त्या गटाच्या २०१९ च्या ‘वारली रिव्होल्ट’मध्ये आरेतले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर गायले. क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं ‘तांबडी चामडी’ २०२४ मध्ये गाजलं, तेही स्पिनिन या डच कंपनीकडून. ही कंपनी २०१७ पासून वॉर्नरची. मोठ्या कंपनीकडे जाण्यात पाप काही नाही, फक्त कागद वाचून जावं.

कागदाचीच खरी बोंब आहे. दोन मित्र रात्रभर बसून गाणं करतात. एकानं बीट बांधलेला असतो, दुसऱ्यानं शब्द लिहिलेले, मिक्सिंग तिसऱ्यानं फुकटात करून दिलेलं. कुणाचा किती टक्के वाटा, हे ‘अरे आपलंच आहे की’ म्हणत कुणी लिहून ठेवत नाही. गाणं दोनशे जणांनी ऐकलं तोवर सगळं ठीक असतं. दोन लाख झाले की तिघंही वेगवेगळ्या खात्यांवरून तेच गाणं आपलं म्हणून टाकतात, यूट्यूबची यंत्रणा तिघांनाही अडवते आणि जमलेले पैसे अडकून पडतात. एका पानाचा करार, तिघांच्या सह्या आणि आयपीआरएसचा फॉर्म हे गाणं चढवायच्या आधी उरकायचं काम आहे.